पडून मिळवलेल्या घराची वाटणी

मी, सहदेव राजाराम घाडीगांवकर, वय वर्षे सहासष्ट, धंदा पूर्वी कुस्तीचे खेळ व आता निवृत्त, राहणार गोराई रोड, बोरिवली पश्चिम, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, दुपारचे जेवण झाल्यावर, माझ्या हाताने लिहायला घेत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. माझी पत्नी जानकी हिने फक्त "आदी चाय घेवा, मगे काय ता लिवा" एवढे म्हटले आणि तेवढा दबाव मी मान्य केला आहे.

माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना त्यांनी विचारले, काही भास वगैरे होतात का. मी खरे ते सांगितले. दुपारी डोळा लागला की मला एक स्वप्न पडते. गोराईच्या खाडीत आमची कुस्तीची रिंग तरंगत असते. चार खांब, त्यांना ताणलेले दोर, खाली फळ्या, सगळे पाण्यावर हळूहळू हलणारे. प्रेक्षक कोणी नसतात. कोणीतरी मला डोक्यावर उचलून फेकते आणि मी खाली येतच नाही. वरून तिवरे दिसतात, पलीकडे जाणारी बोट दिसते, आणि मला कसली घाई नसते. डॉक्टर म्हणाले, "हा भास नाही, स्वप्न आहे. लिहा खुशाल."

मृत्युपत्र आत्ताच करण्याचे एक कारण म्हणजे गणपतीनंतर माझ्या हृदयात बसवलेला स्टेंट. दुसरे आणि खरे कारण म्हणजे माझी एकुलती एक मुलगी निधी. येत्या शनिवारी तिची अंधेरीत लढत आहे आणि तिने पुन्हा त्या जाळीच्या पिंजऱ्यात जाऊ नये, अशी माझी इच्छा आहे. त्याबद्दल पुढे लिहितो. आधी मिळकत.

कलम पहिले, घर. वर लिहिलेल्या पत्त्यावरची दोन खोल्यांची जागा माझ्या स्वकमाईची आहे. तिच्यात वडिलोपार्जित काही नाही. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा त्यांच्याकडे उरला तो गावचा पत्ता. हे घर मी पडून मिळवले. हे वाक्य वकीलबाई अनुपमा यांनी कच्च्या मसुद्यातून काढायला सांगितले होते. मी ठेवले आहे, कारण ते खरे आहे.

तरुणपणी मी तालमीत मातीतली कुस्ती करत होतो. मुलुंडला नाना म्हणून एक गृहस्थ होते, त्यांची 'गर्जना' नावाची कंपनी होती. रिंग, रंगीत कपडे, धूर, गाणी आणि कोण जिंकणार ते आधीच ठरलेले, असले खेळ ते मैदानांवर लावायचे. त्यांनी मला एकदा पडताना पाहिले आणि म्हणाले, "जिंकणारे मला पोत्याने मिळतात रे. असा पडणारा मिळत नाही." त्या दिवसापासून मी खलनायक झालो. रंगाने काळा, तोंडाने मुका आणि कोकणचा, म्हणून नाव ठेवले कातळ. समोर नायक म्हणून चेंबूरचा खंडू साळवे. त्याचे नाव वादळ. तो मला उचलायचा, मी पडायचो, लोक घरी आनंदाने जायचे. वीस-बावीस वर्षे आम्ही हेच केले. निकाल खोटा असला तरी फळ्या खऱ्या होत्या, हे माझी कंबर अजून सांगते.

या धंद्याचा नियम असा होता की वैर रिंगबाहेरही पाळायचे. मी आणि खंडू कधी एका रिक्षात बसलो नाही, एका टपरीवर चहा प्यालो नाही. घाटकोपरला एका रिक्षावाल्याने मला ओळखले आणि "वादळच्या डोळ्यांत मीठ टाकतोस काय, उतर खाली" म्हणून भर रस्त्यात उतरवले. मी उतरलो. पोटापाण्याचा प्रश्न होता. पण बायकांना कोण ओळखणार? जानकी आणि खंडूच्या संघमित्रा वहिनी बागेत भेटायच्या. इकडून बांगड्याचे तिखले जायचे, तिकडून ठेचा यायचा. मी त्याच्या घरचे खाऊन त्याच्याशी वैर करत होतो.

फक्त गोराईच्या जत्रेला खेळ असला की रिंग सुटी करून बोटीतून न्यावी लागे. पाण्यावर प्रेक्षक नसतात. तेव्हा आम्ही दोघे त्या फळ्यांवर शेजारी शेजारी उताणे पडायचो, आभाळाकडे बघायचो आणि मोठ्याने बोलायचो. आयुष्यात मी इतका हलका कधीच झालो नाही. परवा मी खंडूला माझे स्वप्न सांगितले. त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "मलाही तेच पडतं रे. फक्त खालून. हात वर असतात, तू अजून आलेला नसतोस, आणि मी वाट बघत उभा असतो." अनुपमाबाई म्हणतात, स्वप्न कोणाच्या नावे करता येत नाही. ते आधीच आमचे सामाईक निघाले, तेव्हा प्रश्न मिटला.

तर घर माझ्या पश्चात जानकी हयात असेपर्यंत तिने वापरावे. तिला कोणी उठ म्हणू नये. तिच्यानंतर ते निधीचे, कलम चौथ्यातील अटीवर.

कलम दुसरे, कातळ हे नाव. नाना गेल्यावर त्यांच्या मुलांनी 'गर्जना' विकली. ज्यांनी घेतली त्यांच्याकडे 'फौलाद' ही लीगही आहे. फौलादमध्ये जाळीचा पिंजरा असतो. ठोसा, लाथ, पकड सगळे चालते आणि निकाल ठरलेला नसतो. आता ठरलेली कुस्ती आणि न ठरलेली मारामारी एकाच मालकाची, एकाच ॲपवर, एकाच वर्गणीत. पेपरात बातमी आली तेव्हा दोन मालक हसत हात मिळवत होते. त्याच आठवड्यात जुन्या पैलवानांना मोबाइलवर निरोप आला की तुमची आता गरज नाही. म्हाताऱ्या पंचालासुद्धा तोच निरोप, खाली हात जोडल्याचे चित्र.

मग कंपनीचा विकी नावाचा मुलगा घरी आला. गोड मुलगा आहे, चप्पल बाहेर काढून आला. म्हणाला, "काका, कातळ नाव आम्हाला द्या. बाहुला काढू, मोबाइल गेममध्ये टाकू. कातळ कायमचा लढत राहील." मी विचारले, गेममध्ये तो पडेल का? विकी म्हणाला, "खेळणाऱ्याच्या हातात आहे ना काका. चांगला खेळला तर जिंकेल की." मला ते काही झेपले नाही. सगळ्यांनाच जिंकायचे असेल तर पडायचे कोणी? न पडणारा कातळ मी ओळखत नाही. सबब हे नाव आणि त्याचे सर्व हक्क मी जानकीला देत आहे. ती विकीला चहा देईल, वर दोन घावणे वाढेल आणि रिकाम्या हाताने परत पाठवील. निधीला मी हे देत नाही, कारण तिला या नावाची लाज वाटते.

कलम तिसरे, किरकोळ वस्तू. माझे बूट, गुडघ्याचे पट्टे आणि काळा मुखवटा तालमीत द्यावा. कोणी विचारले तर मुखवटा उलटा घालू नये, नाकात धागे जातात एवढे सांगावे. रिंगवरची जुनी ताडपत्री जानकीने केव्हाच गच्चीवर आमसुले वाळवायला घेतली आहे. ती सोसायटीतल्या सर्व बायकांनी वापरावी. आमचे सेक्रेटरी शरच्चंद्र यांनी मला जागा घेताना "इथे कुटुंबवत्सल लोक राहतात" असे ऐकवले होते. त्यांनी वादळ आणि कातळचा खेळ खरा मानला होता. त्यांना मी क्षमा करतो, पण अर्धीच. उरलेली अर्धी त्यांनी गच्चीची चावी वेळेवर दिल्यास समजावी.

कलम चौथे, निधी. ती बावन्न किलो वजनाची आहे, चोवीस वर्षांची आहे आणि फौलादच्या पिंजऱ्यात लढते. तिथे एक शहाणी सोय असते. समोरच्याच्या पकडीत अडकलात, सुटका दिसत नाही, तर त्याच्या अंगावर थोपटायचे. पंच लगेच लढत थांबवतो. तुम्ही हरता, पण हात जागेवर राहतो. गेल्या लढतीत समोरच्या मुलीने निधीचा हात मांड्यांत धरून ताणला. निधीने थोपटले नाही. मी मोबाइलवर बघत होतो. पंचाने धावत येऊन सोडवेपर्यंत कोपर निखळले होते. हॉस्पिटलात मी फक्त का म्हणून विचारले. ती छताकडे बघत म्हणाली, "आपल्या घरात एक जण हरला तेवढं पुरे, बाबा."

मला लागले. खूप लागले. फळ्यांवर पडून इतके कधी लागले नव्हते.

कंपनीला मात्र तिचे ते न थोपटणे फार आवडले. अंधेरीत मेट्रोखाली तिचा फलक लागला आहे आणि त्यावर लिहिले आहे, 'कातळची मुलगी. थोपटणार नाही.' तेच छापलेले टीशर्ट विकतात. आता हजारो माणसे ती थोपटते का, हे बघायला शनिवारी येणार. कोपर पुरते बरे झालेले नाही, हे ती कोणाला सांगत नाही. तेल लावताना जानकीला ते कळते.

म्हणून अट अशी की:

~~निधीने पिंजऱ्यातील लढती कायमच्या सोडल्या तरच तिला घर मिळावे. न सोडल्यास घर विकून रक्कम तालमीला द्यावी.~~

वरील दोन वाक्ये मी रेघ मारून रद्द केली आहेत व समासात सही केली आहे. ती का रद्द केली, हे लिहून ठेवणे जरूर आहे.

आज संध्याकाळी अनुपमाबाई आल्या आणि साक्षीदार म्हणून खंडू आणि संघमित्रा वहिनी आले. अनुपमाबाईंनी आधीच बजावले होते की ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. खंडू म्हणाला, "मला काय नको. तुझ्या पडण्याला इतकी वर्षं मीच साक्षीदार आहे." मग त्याने चष्मा लावून सगळे मोठ्याने वाचले. घाटकोपरच्या रिक्षाला हसला. चौथ्या कलमाशी आला आणि कागद खाली ठेवला.

"ह्याच्यावर मी सही करणार नाय," तो म्हणाला. "पोरीला पकडून ठेवतोयस तू. वर गेल्यावर पण."

"तिच्या भल्यासाठी आहे."

"भलं तिला सांगितलंस का?"

मग अनुपमाबाई हळूच म्हणाल्या, "काका, एक लक्षात आलंय का तुमच्या? मृत्युपत्र तुमच्या नंतर उघडतं. लढत शनिवारी आहे."

"मग?"

"मग शनिवारपर्यंत तुम्ही जिवंत असणार ना? तोवर या कागदाला काही किंमत नाही. तिला तो दिसणारसुद्धा नाही."

जानकी दारात उभी होती. ती म्हणाली, "इतक्या वर्सांत ह्येंका बोलाक येवक नाय. आता मेल्यार येतला?"

मी आयुष्यभर तोंड मिटून काम केले. कातळ बोलत नसे, तो त्याचा गुण होता. लोक त्यासाठी तिकीट काढत. घरातही मी तसाच राहिलो आणि मुलीशी बोलायचे ते बोलायला मरणाची सोय बघत बसलो. इतका मूर्खपणा मी रिंगमध्येही केला नव्हता. खंडूने स्वतःच्या फोनवरून निधीचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात कोंबला.

ती सरावातून बाहेर आली होती, धापा टाकत होती. "बाबा? काय झालं? छातीत दुखतंय का?"

"नाही," मी म्हणालो. "मला भीती वाटते."

"कसली?"

"तुझ्या हाताची. शनिवारची. मला रात्रंदिवस भीती वाटते, निधी."

पलीकडे कोणीतरी पिशवीला ठोसे मारत होते. तेवढाच आवाज येत राहिला. मला वाटले, तिने फोन बाजूला ठेवला. मग ती म्हणाली, "तुम्ही कधी बोलला नाहीत."

"आत्ता बोलतोय ना."

ती रडत होती की दम खात होती, मला कळले नाही. पुढचे बोलली ते अगदी हळू, शेजारी कोणी ऐकेल अशा धाकाने. "बाबा, लढत मी सोडणार नाही. पण कोपर खरंच ठीक नाहीये. आणि लोकांसमोर माझा हात नाही उठणार थोपटायला, मला माहितेय. आता तर त्यांनी छापूनच टाकलंय." थोडी थांबली. "लढणाऱ्याच्या कोपऱ्यात एक माणूस बसतो. त्याच्या हातात टॉवेल असतो. त्याने तो आत टाकला की लढत संपते, लढणाऱ्याला कोणी विचारत नाही. माझ्या कोपऱ्यात तुम्ही बसाल?"

मी म्हणालो, "मी टाकीन हां. लगेच टाकीन."

"म्हणून तर तुम्हाला सांगतेय," ती म्हणाली.

सबब कलम पहिल्यातील अट रद्द समजावी आणि कलम चौथे आता असे वाचावे: घर जानकीनंतर निधीचे, बिनशर्त. ती लढो वा न लढो, जिंको वा हरो.

हे सर्व मी पूर्ण शुद्धीत लिहिले, वाचले आणि वाचून घेतले. नोंदणीला सोमवारी जाऊ. शनिवारी मला वेळ नाही.

ठिकाण: बोरिवली पश्चिम, मुंबई
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

सही: सहदेव राजाराम घाडीगांवकर

आम्हा दोघांच्या समक्ष सहदेव यांनी सही केली व त्यांच्या समक्ष आम्ही केली:
१. खंडू साळवे, चेंबूर
२. संघमित्रा खंडू साळवे, चेंबूर

समासातील नोंद, सहदेव यांच्या हस्ताक्षरात: सही करताना खंडूने विचारले, टॉवेल कुठला नेणार. जानकीने कपाटातून नवा काढून ठेवला आहे, पांढरा, लांबून दिसेल असा.