ब्रॅम्बल घोडी, उडीचे खोगीर आणि नदीकाठचे कुरण

मी, नोरीन हॅकेट, वय वर्षे एकाहत्तर, मुक्काम एनिस्कॉर्थीजवळची पागा, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. डॉक्टरांना जे सांगायचे होते ते त्यांनी माझ्या फुफ्फुसांबद्दल सांगितले. डोक्याबद्दल त्यांची तक्रार नाही. तक्रार आहे ती माझा धाकटा भाऊ फिन्टन याची. मुलाच्या दुःखाने माझे डोके फिरले, असे तो गावभर सांगतो. म्हणून साक्षीदार मी असे निवडले, की ज्यांनी मला रोज घोड्यांत वावरताना पाहिले आहे. आधीची सगळी मृत्युपत्रे रद्द समजावीत.

घर, पागा, मागचे रिंगण आणि माझे सर्व घोडे माझी भाची म्युरिन, म्हणजे फिन्टनची मुलगी, हिला द्यावेत. तिला कोणतीही अट नाही. ब्रॅम्बल ही काळपट घोडी मात्र विकू नये आणि खाटकाकडे तर नेऊच नये, एवढी विनंती आहे.

बँकेतली शिल्लक दफनविधीला आणि घोड्यांच्या वैरणीला वापरावी. दफनानंतर लोकांना हॅम, ब्राउन ब्रेड आणि चहा द्यावा. व्हिस्की फिन्टन आणेलच, त्याला कोणी सांगायला नको.

माझे उडीचे खोगीर म्युरिनला. त्याची पुढची लोखंडी कमान बदलता येते. तिन्ही कमानी खुंटीला टांगल्या आहेत. हे खोगीर निवडायला मला एक हिवाळा लागला आणि पाश्कल डोरन या खोगीरवाल्याने माझ्या नावाने बोटे मोडली. त्याला मी काहीतरी ठेवणार होते, पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, तेव्हा त्याने माझे नुसते आभार स्वीकारावेत. म्युरिन, खोगीर आधी उघड्या पाठीवर ठेव, खाली काही न घालता. मागून वाकून बघ, कण्यावरून आरपार उजेड दिसला पाहिजे. खांद्यापाशी तळहात सरकला पाहिजे. घोडी उन्हाळ्यात गवतावर फुगते, हिवाळ्यात उतरते, तेव्हा ऋतू बदलला की पुन्हा मापून कमान बदल. आणि दौड झाल्यावर घाम बघ. ओल्या पाठीत एखादा कोरडा डाग राहिला तर नवखा माणूस खूश होतो. तो डाग म्हणजे खोगीर तिथे इतके रुतले, की घामसुद्धा फुटला नाही.

आता फिन्टन. तरुणपणी डब्लिनच्या प्रदर्शनात त्याने एक खोगीर जिंकले. त्यावर पितळी पट्टीत त्याचे नाव आहे. अरुंद सांगाड्याचे, सडपातळ घोड्याचे खोगीर. फिन्टन घोड्यांचा व्यापारी. विकायला आणलेल्या प्रत्येक घोड्यावर तो तेच चढवतो, कारण गिऱ्हाइकाला ती पट्टी दिसली पाहिजे. कुठे आवळले तर खाली आणखी एक जाड गादी घालतो. घट्ट बुटात जाड मोजा घातल्यावर काय होते, हे पोरालाही कळते. फिन्टनला कळत नव्हते, किंवा कळून घ्यायचे नव्हते.

सहा वर्षांपूर्वी शरद ऋतूतल्या स्पर्धेला त्याला ब्रॅम्बल गिऱ्हाइकाला दाखवायची होती. ती रुंद खांद्याची. तेच खोगीर आठवडाभर तिच्यावर होते. स्वार होता माझा मुलगा कॉर्मॅक, वय बावीस. सरावाच्या अडथळ्यापाशी घोडी थांबली. कॉर्मॅक म्हणाला, "मामा, हिला खांदा उचलता येत नाहीये. खोगीर बदलूया."

"नाटकं करतेय ती," फिन्टन म्हणाला. "चाबूक दाव, मुकाट्याने जाईल."

ती गेली. तिसऱ्या अडथळ्यावर पुढचे पाय दुमडलेच नाहीत, आणि ती कॉर्मॅकच्या अंगावर पडली. तो तिथेच गेला. चौकशीत घोडी माथेफिरू ठरली. तिला गोळी घालू द्यायला मी नकार दिला, तेव्हापासून मी वेडी.

पुढच्या वसंतात तिने हिवाळी केस टाकले. खांद्याच्या दोन्ही बाजूंना, खोगिराची टोके रुततात तिथेच, तळहाताएवढ्या जागेत पांढरे केस उगवले. चेपलेल्या कातडीवर पुन्हा काळा केस येत नाही. फिन्टनने ते पाहिले. दुसऱ्या दिवशी तो काळ्या बूटपॉलिशची डबी घेऊन पागेत उभा होता.

मी विचारले, "घोडी विकायचीय का?"

"नाही."

"मग रंगवतोस कुणासाठी?"

तो डबी खिशात घालून निघून गेला. घोड्यांचे डाग झाकणे व्यापाऱ्यांत नवे नाही. पण न विकायच्या घोडीचा डाग झाकणारा तेवढा एकच पाहिला.

आज म्युरिन दर रविवारी त्याच खोगिरात बसून त्याचे घोडे उडवते. मी तिला सगळे सांगितले. ती म्हणाली, "आत्या, पुरे गं आता. वयाने होतात केस पांढरे. बाबा माझ्या जिवाशी खेळतील का?" माझ्या तोंडून तिला ते पटणार नाही, त्याच्याच तोंडून पटेल. पोरगी एकोणीस वर्षांची आहे आणि मला तिच्या जिवाची भीती वाटते. रविवारी फोन वाजला की उचलण्याआधी मी घड्याळ बघते, तिच्या उड्या संपल्या असतील का म्हणून.

म्हणून नदीकाठचे कुरण, ज्यावर वडील गेल्यापासून फिन्टनचा डोळा आहे, ते त्याला एका अटीवर देत आहे. माझ्यानंतर येणाऱ्या पहिल्या वसंतात त्याने ब्रॅम्बलचे खांदे स्वतःच्या हाताने खरारा करून साफ करावेत. लगाम म्युरिनने धरावा. आणि कॉर्मॅक गेला त्या दिवशी या पाठीवर काय होते, कॉर्मॅक काय म्हणाला आणि आपण काय म्हणालो, ते त्याने तिला सांगावे. माझ्याबद्दल चांगले बोलायची गरज नाही.

अट पुरी झाली की नाही, हे वकिलाने ठरवू नये. पुढच्या रविवारी म्युरिन कोणत्या खोगिरात बसते ते बघावे. त्याच खोगिरात बसली, तर कुरण विकून पैसे तिच्या दवाखान्यासाठी ठेवावेत, किंवा त्यातून दफनभूमीत माझ्या मुलाशेजारी तिच्यासाठी जागा घ्यावी.

वाचून पाहिले. बरोबर आहे.

सही: नोरीन हॅकेट
आम्हा दोघांच्या देखत तिने सही केली, आणि तिच्या देखत आम्ही:
पाश्कल डोरन, खोगीरवाला
डॉ. ऊना फर्लाँग, जनावरांच्या डॉक्टर
एनिस्कॉर्थी, परगणा वेक्सफर्ड, ९ नोव्हेंबर २०१७