बेक्ताश डाव्या खांद्यामागेच का उभा राहतो?

६ मे, जुर्जेवदान

सणाच्या मुहूर्तावर वही सुरू. संकल्प तीन. रोज सकाळी तासभर रियाझ. राकियाची दारू फक्त लग्नात. जावयावर, म्हणजे बेक्ताशवर, नजर.

व्रान्ये गावात अजून आपलीच हवा आहे. आज पहाटे बँड घेऊन गल्लीगल्लीतून फिरलो, तर म्हाताऱ्या खिडकीत उभ्या राहून डोळे पुसत होत्या. वय एकसष्ट. कवळी बसवून दोन वर्षं झाली. दातांचा डॉक्टर म्हणाला होता, आता वरचे सूर विसरा मास्तर. विसरतोय कसला! उलट पूर्वीपेक्षा सोपे लागतात. पूर्वी मानेच्या शिरा फुगायच्या, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. आता ट्रंपेट ओठाला लावायचा अवकाश. जोर म्हणून लावावा लागत नाही.

वही फाटक्या ढोलात ठेवली आहे. तिथे बायको, म्हणजे रुवेय्दा, झाडूसुद्धा नेत नाही.

९ मे

रियाझ राहिला. शेजारचं बाळ झोपलं होतं.

२० मे

सुताराच्या मुलाचं लग्न. जावई सबंध दिवस माझ्या डाव्या खांद्यामागे. मी उजवीकडे सरकलो, तोही सरकला. मी वऱ्हाडात शिरलो, तोही शिरला. दुपारी बारा वाजता सावलीसुद्धा पायाखाली जाते, हा गडी जात नाही. विचारलं, तर म्हणे, बाबा, इथून तुमची बोटं नीट दिसतात, शिकतोय. शिकतोय! चोरतोय म्हण की.

आणखी एक. नवरदेवाचा मानकरी बक्षिसाची, थुंकी लावलेली नोट माझ्या कपाळावर चिकटवायला आला. जवळ आला, थबकला, आणि हात माझ्यावरून पलीकडे नेऊन नोट बेक्ताशच्या कपाळावर चिकटवली. दृष्टी गेली असेल बिचाऱ्याची.

उगाच नाही जावयाला दहावा ग्रह म्हणत. स्वतःच्या लग्नातही या प्राण्याच्या हातून ट्रंपेट सुटला नव्हता. नवरी ताटकळलेली, आणि नवरदेव सासऱ्याच्या मागे उभा राहून फुंकतोय! तेव्हाच ओळखायला हवं होतं. आमची सानेला मात्र त्याच्याकडे बघून हसत होती. रडतही होती. लग्नात मुली रडतातच.

१० जून

सुटलो. बेक्ताश आत्येभावाकडे बारशाला लेस्कोवाट्सला. आज बेकरीवाल्याच्या घरी मोकळा श्वास घेऊन वाजवणार.

१० जून, संध्याकाळ

वरचा सूर लागला नाही. कारणं: हवेत दमटपणा. अंगण उतरतं. बेकरीवाल्याने ऐन वेळी खायला दिलेला बुरेक, त्याचं तेल ओठाला. आणि सूर चढायच्या नेमक्या क्षणी ढोलवाल्या कांबेरने ढोल असा बडवला, की कोंबड्या कुंपणावर चढल्या. विचारलं, तर म्हणे, हात सुटला मास्तर. चाळीस वर्षांत सुटला नाही, तो आजच बरा सुटला!

घरी येऊन ट्रंपेट सगळा खोलून बघितला. काहीही केलेलं सापडलं नाही. म्हणजे किती सफाईने केलं असेल! सकाळी निघताना बेक्ताश म्हणाला होता, बाबा, आज खालच्या पट्टीतलं वाजवा, सांभाळून. सांभाळून कशाला? त्याला आधीच कसं माहीत?

११ जून

बारशाहून परतला. दुपारच्या लग्नात सूर लोण्यासारखा लागला. हवा कोरडी होती.

२७ जून

बेलग्रेडहून ओग्न्येन नावाचा पोरगेलासा माणूस आलाय. कानात बाळी, काखेत लॅपटॉप. म्हणतो, चाल तुमची, ठेका माझ्या मशीनचा, शहरातली पोरं वेडी होतील. कांबेर म्हणाला, मशीनला जेवायला घालावं लागत नाही, उद्या मलाच काढाल. रुवेय्दाने पाहुण्याला तीनदा वाढलं. मी अट घातली. रेकॉर्डच्या कव्हरवर माझं एकट्याचं नाव ठळक: ट्रंपेट – सेवदाईल. तो लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच? पाणी मुरतंय कुठेतरी.

२ जुलै

पकडले! सानेला स्वयंपाकघरात नवऱ्याला हळूच सांगत होती, बाबांना कळता कामा नये. मी खाकरलो. लगेच मिरच्या भाजायच्या गोष्टी सुरू. जुलैच्या दोन तारखेला? मिरच्यांना अजून दोन महिने आहेत!

माझा निष्कर्ष: मुलगी फितूर. रेकॉर्डमध्ये माझे वरचे सूर हा स्वतःच्या नावावर खपवणार.

४ जुलै

तोड काढली. ओग्न्येनला सांगितलं, मला काचेच्या वेगळ्या खोलीत बसव. माझा माइक वेगळा. माझा सूर माझ्यापाशी, चोरणार कसा?

बेक्ताशचा चेहरा पांढराफटक. म्हणाला, बाबा, नेहमीसारखं गोल उभं राहून वाजवू ना. कांबेर म्हणाला, आपल्या बापजाद्यांनी कधी काचेत बसून वाजवलंय का? रुवेय्दा म्हणाली, अहो, सगळ्यांबरोबर वाजवलंत तर झिजणार आहात का? सगळे एका सुरात. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

१२ जुलै, सकाळी ११

स्टुडिओ. काचेत एकटा. कानाला हेडफोन, त्यात सगळा बँड ऐकू येतो. काय लागलाय वरचा सूर! अंगावर काटा आला माझ्याच. पलीकडच्या खोलीत बेक्ताश डोळे मिटून फुंकत होता. फुंक बाबा फुंक.

दुपारी १

सगळ्यांना उभं करून ओग्न्येनला सांगितलं, आता माझा एकट्याचा आवाज लाव. दूध का दूध होऊन जाऊ दे. ओग्न्येनने बेक्ताशकडे बघितलं. बेक्ताश म्हणाला, बाबा, आधी जेवून घेऊ. म्हटलं, लाव.

लावला.

दुपारी २

माइक खराब आहे.

१३ जुलै

माइक खराब नव्हता. कांबेरला त्याच माइकवर वाजवायला लावलं. ढोल खणखणीत.

खालचे सूर आहेत माझे. फाटके, पण आहेत. चाल चढायला लागली की फुस्स. सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसं. मग परत खाली आल्यावर ट्रंपेट. मध्ये सगळी फुस्स. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, दोन शिव्या तरी हासडता आल्या असत्या.

१५ जुलै

ही वही पहिल्यापासून वाचली. दहा जून दोनदा वाचला.

सानेलाला बोलावलं. म्हटलं, खरं सांग. म्हणाली, लग्नाच्या आठवड्यात तुम्ही शेडमागे एकटे वाजवत होतात, नव्या कवळीने. मी ऐकलं. बेक्ताशला सांगितलं, माझ्या लग्नात सगळ्या व्रान्येसमोर माझ्या बाबांचा सूर पडणार असेल, तर मी लग्नाला उभी राहणार नाही. तो म्हणाला, पडणार नाही. पुढच्या लग्नात तुम्ही इतक्या ऐटीत उभे राहिलात, की त्याला थांबता येईना. मग दोन वर्षं थांबताच आलं नाही.

आईला माहीत होतं का? होतं. कांबेरला? त्यालाही. मानकऱ्याला? बाबा, सगळ्या गावाला.

मी ओरडलो. माझ्याच घरात सगळे मिळून मला मूर्ख बनवतात, वगैरे. मग शेडमागे जाऊन बसलो आणि रडलो. लाज वाटली. नवरदेव बिचारा स्वतःच्या लग्नात एकदाही नाचला नाही, आणि मी त्याला वहीत चोर लिहीत बसलो.

१६ जुलै

ओग्न्येनला फोन केला. कव्हरवर ट्रंपेटपुढे बेक्ताशचं नाव घाल म्हटलं. विचारतो, नक्की का मास्तर? म्हटलं, माझं मन बदलायच्या आत छाप.

१९ ऑगस्ट

शिंप्याच्या घरचं लग्न. आज मी बेक्ताशच्या डाव्या खांद्यामागे उभा. इथून बोटं खरंच नीट दिसतात. मी खालचं वाजवलं. वर तो एकटा गेला, आणि काय गेला! चढताना एकदा मान वळवून बघितलं त्याने, मी आहे ना म्हणून. म्हटलं, पुढे बघ, वाजव.

२८ सप्टेंबर

अंगणात मिरच्या भाजणं चाललंय, डोळे चुरचुरताहेत. ओग्न्येनने रेकॉर्ड पाठवली. ट्रंपेट – बेक्ताश. ढोल – कांबेर. ऐकायला बसलो, तर मशीनच्या ठेक्याखाली काहीतरी सारखं येतंय. फुस्स. फुस्स. फुस्स. माझंच! त्याने ते कापून सबंध गाण्यात पेरलंय. फोनवर म्हणतो, मास्तर, असला आवाज कुठलंच मशीन देत नाही, बेलग्रेडची पोरं यावरच नाचताहेत. गोड बोलतोय. लक्ष ठेवायला हवं.

रुवेय्दाने कव्हर हातात घेतलं आणि सगळ्यात खालची बारीक ओळ शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात दोनदा वाचली. हवा – सेवदाईल.

बरोबर लिहिलंय.