तिसरीचा आवाज

मोताळा, रविवार

भंगारातून आणलेली जॅझची जुनी रेकॉर्ड संध्याकाळी लावली. तीन अमेरिकन बायका एकत्र गातात. भाजी निवडता निवडता आई गुणगुणू लागली. मी लगेच म्हटलं, "आई, चाल चुकते तुझी."

"मी तिसरीसंगं म्हणून राह्यली. तुले तिचा आवाज ऐकू येत नाही काय?"

पुन्हा लावली. दोघींच्या आवाजाखाली तिसरीचा खालचा सूर होता, आईच्याच चालीत.

विहारात जयंतीला आई कोरसच्या मागच्या ओळीत गायची. मीच तिला सांगायचे, चाल चुकते, हळू म्हण. आणि ती हळू म्हणायची. किती वर्षं?

रेकॉर्ड बंद केली. म्हटलं, आता तू म्हण, मोठ्यानं.

"एकटीनं कसं म्हणू? वरचं कोणी धराले पायजे ना."

वरचं मी धरलं. हळू.