किरकोळ केस: न्येचे विरुद्ध इबिसो मॅडम

१२ जानेवारी
पोर्ट हारकोर्टच्या सेमिनारहून परतलो. विषय: शाळेतली भांडणं मिटवा, शिक्षकांचं काम सुधारा. मुलींच्या शाळेचा प्रिन्सिपल म्हणून आता खरा हात दाखवतो. सुरुवात न्येचे आणि इबिसो मॅडमपासून. गणिताचे न्येचे घंटा झाली तरी वर्ग सोडत नाहीत. केमिस्ट्रीच्या मॅडम दारात ताटकळतात. किरकोळ केस.

१५ जानेवारी
दोघांना एकाच टेबलावर बसवलं. संवाद वाढावा म्हणून. वाढला. मॅडम म्हणाल्या, घड्याळ कळत नाही आणि म्हणे गणित शिकवतो! न्येचे म्हणाले, बाई, तुमचं शिकवणं पाच मिनिटांतही उरकतं. निदान बोलले तरी.

२ फेब्रुवारी
प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर दोघांना हात मिळवायला लावले. मुलींनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्याही. मॅडम रडल्या. मन हलकं झालं असणार.

९ फेब्रुवारी
न्येचे आता घंटेच्या आधीच बाहेर! शेवटच्या वर्षाच्या मुली तक्रार घेऊन आल्या: सर फळ्यावर गणित लिहितात नि निघून जातात, बोलतच नाहीत. म्हटलं, स्वावलंबन शिका.

२० फेब्रुवारी
समेटाचं जेवण. जोलोफ भात, कोंबडी. न्येचेंचा अचानक उपास. मॅडम डबा भरून घरी गेल्या. माझं भाषण रंगलं. संडे नावाचा आमचा वॉचमन शेवटपर्यंत बसला होता. कोंबडी उरली होती.

६ मार्च
मॅडमचा बदलीचा अर्ज. समजावलं. म्हणाल्या, सर, त्यांच्याशी भांडायचे तेव्हा निदान वर्गात मन लागायचं. तुम्ही मिटवायला घेतलंत, आता फाटकातून आत यायलाच नको वाटतं. भावनेच्या भरात बोलल्या. सही केली. भांडण निम्म्यावर आलं.

१३ मार्च
न्येचेंनीही खासगी शाळा धरली. दुपारी खिडकीतून पाहतो तर फाटकाशी मॅडमच्या खोक्याला दोरी बांधून देत होते. मॅडम हसत म्हणाल्या, सैल बांधा मास्तर, तुमच्या हातचं काही वेळेवर सुटत नाही! तेही खो खो हसले. सेमिनार फळला! अभिनंदन करायला धावत खाली गेलो.
मला पाहून दोघंही गप्प झाली.

४ मे
परीक्षा तोंडावर. नवीन शिक्षक आले नाहीत. केमिस्ट्री मीच घेतो. मी भूगोलाचा. आज फळ्यावर समीकरण जुळेना, तीनदा पुसलं. पुढच्या बाकावरच्या बोमाने वही मिटली. विचारलं, काही शंका?
म्हणाली, नाही सर. आता राहू दे.