डावा कान

प्रिय चिमणे,

बसस्थानकावरच्या बाकावर बसून लिहितोय, त्यामुळे अक्षर वाकडंतिकडं येईल, सांभाळून घे. तुझ्या घरमालकीणबाई समोरच्या दुकानात आल्यात, त्यांच्या हाती हे देणार आहे. फोन केला असता, पण तू अर्धं ऐकलं नसतंस आणि उरलेलं अर्धं माझ्या तोंडून निघालं नसतं.

दोन दिवस माझी चांगली बडदास्त ठेवलीस. तुझी खोली पाहिली, तिथं ओल्या कपड्यांच्या दोरीखालून वाकूनच आत शिरावं लागतं. तुझा तो किनाराही पाहिला. एवढी माणसं मुद्दाम पाण्यात आपटून घ्यायला इतक्या लांबून येतात, हे मला अजून पटलेलं नाही! पण तू फळीवर सरळ उभी राहून लाटेवरून आलीस, तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईंना मी दोनदा सांगितलं, ती माझी मुलगी. आईला हे सगळं रंगवून सांगेन. तिला सांगता येणार नाही ते इथे लिहितो.

पहिल्याच संध्याकाळी मला खटकलं. चालताना मी तुझ्या डावीकडे आलो की तू बाजू बदलायचीस. पाववाल्याने काय विचारलं ते न कळताच नुसती हसलीस. गजराचा फोन उशीखाली ठेवतेस, थरथर जाणवावी म्हणून. पोरी, ही सगळी सोंगं मी अकरा वर्षं वठवली आहेत. मला ती कुणी दाखवून द्यावी लागत नाहीत.

आणि मग काल सकाळ. तुझे सहा शिकाऊ पाण्यात होते. त्यातल्या पिवळ्या सदऱ्यातल्या, शाळेत शिकवणाऱ्या बाई पाण्याच्या ओढीत सापडून डावीकडे लांब जायला लागल्या. हात वर करून ओरडत होत्या. तू पाठमोरी, दुसऱ्याला फळीवर उठायचं कसं ते दाखवत होतीस. जीवरक्षकाने तीन शिट्ट्या मारल्या. कानातल्या यंत्रामुळे मलासुद्धा त्या ऐकू आल्या! बाकीच्यांनी माना वळवल्या तेव्हा कुठे तू वळलीस. बाई सुखरूप बाहेर आल्या, पण किनाऱ्यावर बसून कितीतरी वेळ थरथरत होत्या. तू म्हणालीस, वाऱ्यामुळे ऐकू आलं नाही. वारा तुझ्याकडेच वाहत होता, बाळा. मी टोपी धरून बसलो होतो.

घरी आल्यावर विचारलं तर म्हणालीस, "पाणी गेलंय कानात, निघेल. आणि बाबा, कुणाला बोलू नका, ऐन हंगाम आहे." मी मान डोलावली. नंतर जेवण काही गेलं नाही, ते तुझ्या स्वयंपाकामुळे नव्हे.

तू लहान असताना लंबूकाकाची अपुरी बोटं मोजायचीस आणि ती कुठे गेली म्हणून विचारायचीस. मी सांगायचो, मशीन बिघडलं होतं. मशीन ठणठणीत होतं, चिमणे. डब्यांच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या यंत्रावर आम्ही दोघं होतो. त्याचा हात आत अडकला, तो "थांब" म्हणून ओरडला आणि मी यंत्र चालवायची पायपट्टी दाबली. मला ऐकूच आलं नाही. ऐकू येत नाही हे मला वर्षभर आधीपासून ठाऊक होतं. काम जाईल म्हणून गप्प बसलो होतो. लंबूला ते कळलं होतं, तरी त्याने साहेबांपुढे मशीनचंच नाव घेतलं. पुढची कितीतरी वर्षं तो आपल्याकडे येऊन त्याच हाताने तुला खांद्यावर घ्यायचा आणि मी चहा करायच्या निमित्ताने आत जायचो. हे तुझ्या आईलाही माहीत नाही.

आता अडीच वाजलेत. तीनला तुझा वर्ग आहे, म्हणून घाईने मुद्द्यावर येतो. मी तुला दिलेला शब्द मोडलाय. तुझ्या घरून निघालो तो सरळ स्थानकावर आलो नाही, आधी जीवरक्षकांच्या प्रमुखांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, डॉक्टरांचा कागद येईपर्यंत ती पाण्यात शिकवणार नाही. असंही म्हणाले की थंड पाण्यात वर्षानुवर्षं राहणाऱ्यांच्या कानात हाड वाढतं, त्यांच्याकडच्या दोघा जणांना तसंच झालं होतं आणि शस्त्रक्रियेनंतर दोघेही परत लाटांवर गेले. तुझं तेच आहे की आणखी काही, मला ठाऊक नाही. डॉक्टरांची उद्या दहाची वेळ मात्र मी घेतली आहे. परक्याच्या तोंडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे पत्र. बस आत्ताच सुटली. मी चढलो नाही. इथेच बाकावर बसलोय. भांडायला ये, पण ये.

तुझाच,
बाबा