पानातली डावी बाजू

शनिवार, ७ सप्टेंबर. बेसिंगस्टोक

बॅगा भरल्या एकदाच्या. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, मुगाची डाळ. यांना ग्रीसमध्येही खिचडी लागणार!

ट्रिप वरदाने बुक केली. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून. डोंगरातली दगडी गावं, भाड्याची गाडी. आणि परत आल्यावर मी इल्फर्डला तिच्याकडे जाणार आहे, हेही फक्त तिलाच माहीत आहे. 'थोडे दिवस' म्हटलंय. किती थोडे, ते मलाही ठाऊक नाही. "आधी जाऊन तर ये, आई. मग बघू," म्हणाली.

भांडण नाही. भांडण तरी बरं. या वसंत ऋतूपासून जेवायला बसलो की मी बोलते आणि हे पलीकडच्या खिडकीकडे बघत जेवतात. सप्तपदीनंतर गुरुजींनी यांच्या डावीकडे बसवलं, ती जागा मी अजून सोडलेली नाही. पण हल्ली तिथे कोणी बसलंय हे यांच्या गावीही नसतं. लोकांची हाडं जुळवण्यात जन्म गेला, रिटायर झाले, आता बायकोशी बोलायला विषय नाही.

शेवटच्या दिवशी सांगेन. तोवर ट्रिप नासवायची नाही.

रविवार, ८ सप्टेंबर. झागोरी

दमले. विमान, मग घाटरस्ता. इथे स्टिअरिंग डावीकडे, मी उजवीकडे. गाडी सारखी डाव्या अंगाला सरकते, म्हणजे समोरच्याच्या लेनमध्ये! दिवसभर एकच जप — अहो, उजवीकडे घ्या. उजवीकडे.

"सवय गं. इंग्लंडची सवय."

खरं आहे. इतकी वर्षं डावीकडून चालवल्यावर दुसरं काय होणार?

सोमवार, ९ सप्टेंबर

डावा आरसा गेला. गावातल्या कमानीला घासला. म्हणे कमान अरुंद आहे. आमच्यामागून कचऱ्याचा ट्रक आरामात आला.

मंगळवार, १० सप्टेंबर

नागमोडी चढ. डावीकडे दरी अशी, की मी देवाचं नाव घेत होते. हे निवांत. शीळ घालत होते! दरीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एवढं धैर्य या माणसात कुठून आलं?

नवल म्हणजे गाडीत बोलतात. हाउसमनशिपच्या, म्हणजे शिकाऊ डॉक्टर होते तेव्हाच्या गोष्टी, स्लाऊची आमची पहिली खोली, गॅसच्या मीटरमध्ये नाणी टाकायचो ते. माझ्याकडे बघून हसलेसुद्धा. मी विरघळले. मग संध्याकाळी गावातल्या खाणावळीत जेवायला बसलो आणि पुन्हा मुके. मी विचारलं, पालक भरलेली ती खारी आवडली का? उत्तर नाही. वेटरशी मात्र गप्पा.

गाडीतच संसार करायचा का आता?

कंटाळा आला आहे. या वयात माणसाच्या तोंडाकडे बघत बसायचं नाही मला.

गुरुवार, १२ सप्टेंबर

रात्र झाली, तरी लिहिते.

दुपारी खोलीतल्या छोट्या शेगडीवर खिचडी केली. पान नीट वाढलं. डावीकडे चटणी, लिंबू, काकडीची कोशिंबीर. जेवता जेवता म्हणतात, "चटणी आणली नाहीस का गं?"

डोक्यात तिडीक गेली. आता ताटात वाढलेलंही दिसत नाही! काही न बोलता ताट उचललं आणि गर्रकन फिरवून पुढ्यात आपटलं.

"ही कुठून आली?" म्हणाले. थट्टा नव्हती. चेहराच सांगत होता.

मग ताट बाजूला सारलं. नंतर डॉक्टरी आवाजात म्हणाले, "सुप्रभा, समोर बस. मी तुझ्या नाकाकडे बघतो. तू दोन्ही हात पसरून बोटं हलव. एकदा हा, एकदा तो." मी हलवली. एका बाजूचीच सांगत होते.

"डावीकडचं काहीच दिसत नाहीये. डोळा नाही हा. मेंदू आहे." किल्ली काढून माझ्यापुढे ठेवली. "हॉस्पिटलला चल. तू चालव."

मी बेसिंगस्टोकमध्ये सुपरमार्केटपलीकडे गाडी नेत नाही. नेली. पहिल्या गियरमध्ये सगळी वळणं उतरले. मागे हॉर्न वाजत होते, वाजू दिले. हे माझ्या उजवीकडे बसले होते. एका वळणावर मान पूर्ण डावीकडे वळवून त्यांनी माझ्यापलीकडे पाहिलं.

"बापरे. इथे दरी होती?"

शुक्रवार, १३ सप्टेंबर. योआनिना

स्ट्रोक. काही महिन्यांपूर्वीचा असावा, असं इथले डॉक्टर म्हणाले. आणखी तपासण्या आहेत. वरदा येतेय.

शनिवार, २८ सप्टेंबर. बेसिंगस्टोक

घरी येऊन चार दिवस झाले. गाडी आता मीच चालवते. इल्फर्डचा विषय वरदाने काढला नाही, मीही नाही.

आज जेवताना माझी खुर्ची उचलून यांच्या उजवीकडे नेली. पाणी ओतायला बरं म्हणून, दुसरं काही मनात नव्हतं. दोन घास झाले आणि यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"बरं झालं बाहेर येऊन बसलीस. रोज स्वयंपाकघरातूनच बोलायचीस. मला वाटायचं, रागावली आहेस, माझ्याबरोबर जेवत नाहीस."