शेवटच्या सीनमधली चार पावलं

१२ मार्च

प्रिय बूटवाल्या,

तू खुशाल असशील असं धरूनच चालते, कारण विचारपूस करत बसायला आत्ता मला धीर नाही. मी ठणठणीत, गुडघे सोडून. भाची म्हणते, "मावशी, सकाळपासून घरभर नाचतेयस, लॉटरी लागली का?" लागलीय बाबा, लागलीच!

अरे, आपला सिनेमा परत येतोय! तोच, ज्यात शेवटी तो निघून जातो, ती दारात उभी राहते आणि अख्खी बाल्कनी नाकं पुसत बाहेर पडते. जुनी रिळं सापडली. चित्र झकास उरलंय, आवाजाचं मात्र ओलीनं वाटोळं केलंय. म्हणून स्टुडिओतून मला फोन! "नायिकेच्या पावलांचे आवाज तुम्हीच दिले होते ना?" म्हटलं, मी नाही तर काय तिनं? ती बया सेटवर अनवाणी फिरायची!

काल गेले. आपली खोली तश्शीच आहे रे. ती फरशी, ती करकरणारी फळी, वाळूची पेटी. पडद्याकडे बघत तू तुझ्या पिशवीतले बूट बदलून बदलून चालायचास, तिथे मी पाच मिनिटं नुसतीच उभी होते. रेकॉर्डिंग करणारी मुलगी वयानं लहान, पण कान तिखट. तिनं शेवटचं रीळ लावलं. तुझी, म्हणजे नायकाची, पावलं गेलीत, नुसती खरखर. माझी वेगळ्या टेपवर होती, ती शाबूत.

"मावशी," ती म्हणाली, "बाई तर दारात उभी आहे. मग ही चार पावलं कुणाची?"

"पाय घसरला असेल," मी म्हटलं. त्या दिवशी रेकॉर्डिस्टकाकांनाही हेच सांगितलं होतं. काकांनी गुपचूप ती पावलं सिनेमातून काढून टाकली, माझ्या मूळ टेपवर तेवढी राहिली. तुला कधी कळलंच नाही.

आता कळू दे.

त्या दिवशी सकाळीच तू म्हणाला होतास, "दुसऱ्या शहरातल्या स्टुडिओत दोघांना काम आहे. येतेस? पण नुसती कामाला नको, लग्न करून ये." मी म्हटलं, "आधी हा सीन होऊ दे." तुझी पावलं आधी घेतली. तू बाहेर सामान आवरायला गेलास आणि मी कानाला हेडफोन लावून उभी राहिले. मला फक्त उंबऱ्यापर्यंत यायचं होतं आणि थांबायचं होतं. पण कानात तुझी पावलं लांब लांब जायला लागली आणि माझे पाय निघाले रे! चार पावलं चालून गेले, मग भान आलं.

आणि बाहेर येऊन तुला काय सांगितलं? आईला सोडून कशी येऊ! धादांत खोटं. आई तर "जा गं, माझं मी बघेन" म्हणून मागे लागली होती. मीच घाबरले. एवढं सुख आपल्याला झेपायचं नाही, असं वाटलं. आणि पुढे तीस वर्षं चारचौघात त्या नायिकेलाच नावं ठेवत आले, की एक हाक मारली असती तर हिच्या बापाचं काय जात होतं!

तुझी बायको गेली तेव्हा दोन ओळी टाकल्या. त्याहून जास्त लिहायला हात धजावला नाही. आज आवरत नाहीये.

तर ऐक. तुझी पावलं सोमवारी पुन्हा घ्यायचीत. ते म्हणाले, "तुम्हीच पुरुषी बूट घालून चाला, कुणाला कळतंय?" मी साफ नाही म्हटलं. तू ये. माझी चार पावलं सिनेमातून पुन्हा काढावीच लागणार, तिथं ती बाई उभीच आहे. काढायच्या आत तू एकदा ऐकावीस, एवढाच माझा हट्ट आहे.

आणि नाही आलास, तर मंगळवारच्या गाडीनं मी येतेय. तिकीट काढून झालंय. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

खाली आधी "आपली" लिहिलं होतं. ते खोडलंय.

तुझीच